‘शुद्ध’ जपानमधून काय काढून टाकलं?

जपानी वास्तुकला म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर साधं लाकूड, पांढरा कागद लावलेली दारं आणि भरपूर मोकळी जागा यायची. फोनवर बहुतेक तेवढंच दिसतं. शिझुओकाजवळच्या कुनोझान तोशोगूने ही समजूत मोडली.

डोंगर जेमतेम २१६ मीटरचा, पण पायऱ्या १,१५९. दुसऱ्या बाजूने रोपवे आहे. मी पायऱ्यांनी गेलो. मागे वळलं की खाली स्ट्रॉबेरीची शेतं आणि पलीकडे समुद्र. धापा टाकत वर पोचलो, तर समोर लाल-काळं लाखकाम, सोनं, रंगीत कोरीवकाम. साधेपणाचा मागमूस नाही.

शोगुन तोकुगावा इएयासू १६१६ साली वारला आणि इथे पुरला गेला. नाकाई मासाकियोने पुढच्याच वर्षी हे देऊळ उभं केलं. पूजेचा मंडप आणि गाभारा यांच्यामध्ये एक सखल दगडी खोली आहे, आपल्या देवळांतल्या अंतराळासारखी. या रचनेला ‘गोंगेन-झुकुरी’ म्हणतात.

१९३३ साली जपानमध्ये आलेल्या ब्रुनो टाउट या जर्मन वास्तुविशारदाने इसेचं देऊळ आणि कात्सुराचा महाल डोक्यावर घेतले, आणि निक्कोच्या तोशोगूला भडक ठरवलं. आपली आवडही अजून त्याच वळणाची आहे. पण कुनोझानची नक्षी नुसता भपका नाही. मंडपावर एक चिनी गोष्ट कोरली आहे: मित्र पाण्याच्या रांजणात पडतो, तेव्हा छोटा सिमा ग्वांग रांजणच फोडून त्याला वाचवतो. वस्तूपेक्षा जीव मोठा, हे सत्ताधीशाच्या स्मारकावर लिहिलेलं आहे. नक्षी पुसली तर हे वाक्यही जातं.

आणि इथे पुसापुशी झालेली आहेच. ‘गोंगेन’ म्हणजे बुद्धाने स्थानिक देवाच्या रूपात घेतलेला अवतार. इएयासूला हीच पदवी मिळाली. म्हणजे हे शिंतो देऊळ मुळातच सरमिसळीचं. १८६८ साली मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे करण्याचे हुकूम काढले. त्यापायी इथला पाच मजली पॅगोडा पाडला गेला. घंटेच्या मनोऱ्यातली घंटा काढून तिथे ढोल बसवला. मनोरा अजून उभा आहे, आता ढोलाचा मनोरा म्हणून.

टाउटचा त्या हुकुमांशी काही संबंध नाही, हे मान्य. सौंदर्यदृष्टी आणि सरकारी आदेश एकाच मापाने मोजता येत नाहीत. तरी दोन्हींच्या मुळाशी एक समजूत आहे: वरचं काढून टाकलं की आत ‘खरं’ सापडतं. कुनोझानला काढून टाकल्यावर उरली ती पॅगोडाची रिकामी जागा.

मी त्या जागेचा फोटो काढला. फ्रेम फार सुंदर आली: झाडं, ऊन, मोकळी जमीन. अगदी मला आवडायचा तसा जपान. तो फोटो मी अजून कुठेच टाकलेला नाही.