प्रत्यक्षाच्या वेशातील शब्द : युद्धाची चित्रफीत आणि संशयाचे स्वरूप

2023 सालच्या मे महिन्यात, 2 आणि 3 तारखांमधील रात्री, मॉस्कोतील क्रेमलिनवर दोन ड्रोन आले. त्यांपैकी एक सिनेट प्रासादाच्या घुमटावर, ध्वजस्तंभाजवळ फुटताना दाखविणारी चित्रफीत दुसऱ्या दिवशी जगभर पाहिली गेली. 3 मेच्या दुपारी क्रेमलिनने निवेदन प्रसृत केले : हा राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्या हत्येचा युक्रेनने केलेला प्रयत्न होय. पुतिन त्या रात्री क्रेमलिनमध्ये नव्हते आणि कोणी जखमीही झाले नव्हते. हेलसिंकीत असलेल्या झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी आरोप फेटाळला. 4 मे रोजी पुतिन यांचे प्रवक्ते पेस्कोव्ह यांनी या कृत्यामागे अमेरिका असल्याचे सांगितले.

या प्रकरणात लोकांनी व्यक्त केलेला अविश्वास साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. घुमटावर काहीतरी फुटले, हे बहुतेकांनी मान्य केले होते. विश्वास बसला नाही तो दृश्याला जोडलेल्या कथेवर. बातमी जाहीर करावयास अर्धा दिवस का लागला? इतक्या संरक्षित स्थळी ड्रोन पोहोचलेच कसे? विजयदिनाचे संचलन 9 मे रोजी, म्हणजे अवघ्या सहा दिवसांवर असताना ही घटना कोणाच्या सोयीची होती? आणि स्फोटाच्या क्षणी घुमटावर चढताना दिसणाऱ्या त्या दोन व्यक्ती कोण? हे सारे प्रश्न प्रतिमेपेक्षा तिच्या निवेदकाला उद्देशून आहेत. ‘हे दिसते ते काय आहे?’ यापेक्षा ‘हे आपणांस कोण आणि कशासाठी दाखवीत आहे?’ असे प्रेक्षक विचारत होते. कादंबरीतील निवेदक विश्वसनीय आहे की नाही, हे तपासणारा वाचकही नेमके हेच करीत असतो.

हा अविश्वास समजून घेण्यासाठी भारतीय प्रमाणविचारातील एक भेद उपयोगी पडतो. नैयायिकांच्या मते इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून उपजते ते प्रत्यक्ष. विश्वासार्ह पुरुषाच्या सांगण्यावरून होते ते शब्दज्ञान. प्रत्यक्षाच्या बाबतीत सांगणारा कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. शब्दाच्या बाबतीत तो पहिला प्रश्न असतो. चित्रफीत डोळ्यांना दिसते, म्हणून ती प्रत्यक्ष आहे असा भास होतो. वस्तुतः प्रेक्षकाच्या डोळ्यांचा संनिकर्ष पडद्याशी झालेला असतो, घुमटाशी नव्हे. घुमट आणि पडदा यांच्यामध्ये कॅमेरा ठेवणारा, फीत कापणारा, तिला मथळा देणारा आणि ती केव्हा प्रसृत करावयाची हे ठरविणारा, असे अनेक जण उभे असतात. तेव्हा युद्धाची चित्रफीत म्हणजे प्रत्यक्षाच्या वेशातील शब्द होय. तिचे प्रामाण्य शेवटी आप्ताच्या प्रामाण्यावर टेकते, आणि युद्धात लढणारा कोणताही पक्ष स्वतःच्या बाबतीत आप्त असू शकत नाही.

छायाचित्राविषयी रोलाँ बार्थने असे म्हटले होते, की समोरची वस्तू कधीतरी तेथे खरोखर होती याची ग्वाही छायाचित्र देते. ही ग्वाही मर्यादित अर्थाने खरी आहे. ‘काही होते’ एवढेच ती सांगते; ते कोणाचे होते, त्याच्या आधी काय घडले आणि नंतर काय, हे मथळा सांगतो. शिवाय 2022 साली ही मर्यादित ग्वाहीही डळमळीत झाली. ‘आर्मा 3’ या संगणकीय युद्धखेळातील दृश्ये युक्रेनमधील खऱ्या चकमकी म्हणून पसरविली जाऊ लागली आणि त्या खेळाच्या निर्मात्यांनाच त्याबाबत जाहीर निवेदन करावे लागले.

तथापि बनावट दृश्यापेक्षा अस्सल दृश्याने केलेली फसवणूक अधिक मूलगामी असते. महाभारतातील अश्वत्थाम्याचा प्रसंग या संदर्भात आठवतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता, हे खरे. सांगणारा धर्मराज होता, म्हणजे आप्तांतील आप्त. वाक्याचा उत्तरार्धही त्याने उच्चारला होता. पण तो द्रोणाचार्यांच्या कानी पोहोचला नाही आणि त्यांनी शस्त्र खाली ठेवले. येथे असत्य शब्दांत नाही, ते ऐकण्याच्या व्यवस्थेत आहे.

असाच प्रकार 1999 साली घडला. 12 एप्रिल रोजी दक्षिण सर्बियातील ग्रदेलित्सा येथे पुलावरून जाणाऱ्या प्रवासी गाडीवर नाटोच्या विमानाने सोडलेली अस्त्रे आदळली आणि किमान दहा माणसे ठार झाली. दुसऱ्या दिवशी जनरल वेस्ली क्लार्क यांनी पत्रकारांना अस्त्रावरील कॅमेऱ्याची फीत दाखविली. गाडी इतक्या अकस्मात पडद्यावर येते, की वैमानिकाला काही करण्यास अवधीच नव्हता, असा तिचा आशय होता. जानेवारी 2000 मध्ये एका जर्मन दैनिकाने उघड केले, की ती फीत मूळ वेगापेक्षा कितीतरी अधिक वेगाने दाखविली गेली होती. नाटोने वेगातील तफावत मान्य केली आणि ती तांत्रिक कारणाने घडल्याचे सांगितले. युगोस्लाव्हियाविषयक आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अभियोक्त्यांनी नेमलेल्या समितीने जून 2000 च्या अहवालात या वेगाची दखल घेतली. तरीही या हल्ल्याची अधिक चौकशी करू नये, अशीच तिची शिफारस होती. फीत बनावट नव्हती. तिच्यातील गाडी, पूल आणि स्फोट ही सारी खरी होती. बदलला होता तो केवळ काळ, आणि काळ बदलताच दोषाचा अर्थही बदलला. निवेदनशास्त्राच्या अभ्यासकाला हे नवे नाही : घटनेचा काळ आणि कथनाचा काळ यांतील अंतर हे कथेचे सर्वांत जुने साधन आहे.

अशा अनुभवानंतर संशय घेणे हा प्रेक्षकाचा अधिकारच ठरतो. परंतु त्या अधिकाराबरोबर कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत संशयाला स्वतंत्र स्थान आहे. पण तेथे निर्णयही आहे आणि वितंडाही आहे. संशय निर्णयाकडे नेतो. वितंडेत मात्र स्वतःचा पक्ष मांडावयाचा नसतो, समोरच्याचा पक्ष पाडावयाचा असतो. क्रेमलिनच्या प्रसंगी या दोन्ही वृत्ती एकाच वेळी दिसल्या. ज्यांनी निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या फिती शेजारी ठेवून पाहिल्या, त्यांच्या ध्यानात आले की दोन स्फोटांमध्ये सुमारे पाव तासाचे अंतर असावे. मग घुमटावरील त्या दोन व्यक्ती पहिल्या स्फोटानंतर पाहणी करावयास चढल्या असाव्यात, असा उलगडा संभवतो. ज्यांनी ‘लाभ कोणाचा?’ एवढाच प्रश्न विचारला, त्यांना फीत पाहण्याची गरजही उरली नाही. हल्ला रशियानेच रचला हे त्यांचे आधीच ठरले होते. त्याच महिन्याच्या 24 तारखेला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वृत्त दिले, की अमेरिकी गुप्तचरांच्या मते हे कृत्य बहुधा युक्रेनच्या एखाद्या विशेष लष्करी वा गुप्तचर पथकाचे असावे, आणि या अनुमानाची खात्री त्यांना स्वतःलाही कमीच आहे. रशियाचे कथन त्यामुळे सिद्ध होत नाही. पण रशियाचे कथन अविश्वसनीय, म्हणून त्याच्या उलट ते सत्य, हा हेत्वाभास मात्र उघडा पडतो. अविश्वसनीय निवेदकही अधूनमधून खरे बोलतो.

बोद्रियारने 1991 मध्ये आखाती युद्ध घडलेच नाही असे विधान केले, तेव्हा पडद्यावरील युद्धाने रणांगणावरील युद्ध गिळून टाकले आहे, हे त्याला सुचवावयाचे होते. त्या विधानाने प्रेक्षकाला जागे केले. पण त्याची सवय झाली, की सर्वच प्रतिमा सारख्याच पोकळ वाटू लागतात आणि मेलेल्या माणसाचा साक्षीदार नाहीसा होतो. 2021 सालचे काबूल याच ठिकाणी बोद्रियारच्या पुढे जावयास भाग पाडते. 29 ऑगस्ट रोजी अमेरिकी ड्रोनने सोडलेल्या क्षेपणास्त्राने तेथे एका घराच्या अंगणात दहा माणसे मारली. त्यांत सात मुले होती. लक्ष्य होती एक पांढरी मोटार. ड्रोनच्या पडद्यासमोर बसलेल्यांनी काही तास तिचा माग काढला होता आणि तिच्यात स्फोटके ठेवली जात असल्याचा निष्कर्ष काढला होता. 1 सप्टेंबर रोजी जनरल मिली यांनी हा हल्ला न्याय्य ठरविला.

यावर ज्यांनी संशय घेतला, ते ‘लाभ कोणाचा?’ विचारून थांबले नाहीत. मृतांच्या नातेवाइकांनी जबान्या दिल्या. वार्ताहरांनी मोटार चालविणाऱ्याच्या दिवसभराच्या फेऱ्या जुळविल्या. तो एका अमेरिकी मदतसंस्थेचा कर्मचारी होता. त्याच्या कार्यालयातील सुरक्षा कॅमेऱ्याच्या फितीत तो पाण्याची भांडी भरताना दिसला. 10 सप्टेंबरला हा शोध प्रसिद्ध झाला आणि 17 सप्टेंबरला अमेरिकी लष्कराने चूक कबूल केली. एका फितीला दुसरी फीत, दुसरीला माणसांची साक्ष, साक्षीला स्थळ आणि वेळ यांचा मेळ, असा हा निर्णयापर्यंतचा प्रवास होता.

या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी, की मारणारेही प्रेक्षकच होते. लष्कराच्या चौकशीत पुढे आढळले, की क्षेपणास्त्र सुटण्यापूर्वी सुमारे दोन मिनिटे एक मूल फितीत दिसत होते. चौकशी अधिकाऱ्याच्या मते ते सहज नजरेत भरण्याजोगे नव्हते. आधी जे गृहीत धरले होते तेच दृश्यात पाहिले गेले, हा दोषही त्या चौकशीने मान्य केला. मात्र कोणावरही शिस्तभंगाची कारवाई झाली नाही. ड्रोनयुद्धात पाहणे आणि मारणे या एकाच कृतीच्या दोन अवस्था आहेत, आणि त्या दोहोंमध्ये केवळ अर्थनिर्णयन उभे असते. पाण्याचे भांडे हे स्फोटकाचे चिन्ह म्हणून वाचले गेले आणि त्या वाचनाने दहा जीव घेतले. क्रेमलिनची फीत न पाहताच तिचा अर्थ ठरविणारा प्रेक्षक आणि काबूलच्या मोटारीचा अर्थ आधीच ठरवून बसलेला सैनिक यांच्या चुकीच्या परिणामांत अपार अंतर आहे. वाचनाच्या पद्धतीत मात्र ते नाही.

हल्ल्याच्या मूळ फिती न्यायालयीन दाव्यानंतर जानेवारी 2022 मध्ये खुल्या झाल्या. सुमारे पंचवीस मिनिटांचे ते चित्रण कोणालाही पाहता येते. त्यात माणसे ठिपक्यांसारखी, अस्पष्ट दिसतात. अंगणातला एखादा ठिपका लहान आहे, हे ओळखण्यासाठी ते पुनःपुन्हा पाहावे लागते, आणि तेवढ्यानेही भागत नाही : ते मूल कोणाचे, हे सांगणारे माणूस काबूलच्या त्या घरातच भेटते.