‘पावन’ : एका शब्दाच्या अर्थांतराची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीच्या अध्यापनात ‘पवित्र’, ‘शुद्ध’ आणि ‘पावन’ हे शब्द बहुधा समानार्थी म्हणून शिकविले जातात. अभंगाचा अर्थ सांगताना एकाच्या जागी दुसरा योजिला तरी कोणास वावगे वाटत नाही. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे असेच शिकविले. परंतु या शब्दांमागील कर्ता-कर्म संबंध भिन्न आहे. तो दुर्लक्षिल्यास संतकाव्याचे सामाजिक आकलन सदोष राहते, असे येथे मांडावयाचे आहे.

व्युत्पत्ती

‘पवित्र’ व ‘पावन’ हे दोन्ही शब्द ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे या धातूपासून आले. ऋग्वेदात ‘पवित्र’ हे सोमरस गाळण्याचे साधन आहे. ‘पावन’ म्हणजे मुळात शुद्ध करणारा. अग्नीस ‘पावक’ म्हणतात ते याच अर्थाने. मराठीत मात्र ‘भूमी पावन झाली’ अशा प्रयोगांत हा शब्द शुद्ध झालेल्याचे विशेषण बनला. कर्त्याचे नाव कर्माला मिळाले. ‘देव पावला’ यातील ‘पावणे’ हे ‘प्र + आप्’ पासून आलेले, म्हणजे निराळ्या कुळातील आहे.

संतकाव्यातील उपयोजन

‘पतितपावन’ या समासात मूळ कर्तृवाचक अर्थ शाबूत आहे. नामदेव, तुकाराम हे संत देवाला या ब्रीदाची आठवण देतात, प्रसंगी त्याच्याशी भांडतात. येथे ‘पतित’ हा शब्द भक्त स्वतःविषयी उच्चारतो. तो प्रथमपुरुषी आहे. पावन करण्याची जबाबदारी देवावर असून मध्ये पुरोहित नाही, विधी नाही. तरीही चोखामेळ्यांची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेरच आहे. काव्यात मिळालेले स्थान व्यवहारात मिळाले नाही. ते मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यास 1947 साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले.

शुद्धी आणि पावनता

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ केली. शुद्धीला आधी विटाळ गृहीत धरावा लागतो, आणि तो ठरविण्याचा अधिकार शुद्धी करणाऱ्याकडेच राहतो. याउलट, रत्नागिरीत सावरकरांच्या प्रेरणेने व भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभे राहिलेले, 1931 मध्ये सर्व हिंदूंसाठी खुले झालेले मंदिर ‘पतितपावन’ या नावाने ओळखले गेले. हेतू समावेशनाचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि अभंगातील प्रथमपुरुषी ‘पतित’ मंदिराच्या नावात आला की तो तृतीयपुरुषी होण्याचा धोका संभवतो. भक्ताने स्वतःविषयी म्हटलेले ‘पतित’ आणि समाजाने दुसऱ्याविषयी म्हटलेले ‘पतित’ यांत विनय आणि अवमान यांच्याइतके अंतर आहे. महाडचा लढा पावन होण्यासाठी नव्हता. तो सार्वजनिक पाणवठ्यावरील हक्कासाठी होता.

निष्कर्ष

सारांश, ‘पावन’चा अर्थ केवळ कोशातून निश्चित होत नाही. कोण, कोणाला, कोणत्या अधिकाराने पावन करतो, हे तीन प्रश्न प्रत्येक प्रयोगास विचारावे लागतात. वर्गात अभंग शिकविताना एवढे पथ्य पाळले, तरी समानार्थी शब्दांच्या यादीत दडलेला सामाजिक इतिहास विद्यार्थ्यांसमोर येईल, असे वाटते.