विद्यार्थ्यांचा अधिकारी आणि मराठी वाङ्मय

गेल्या दिवाळीनंतर आम्ही बीड जिल्ह्यांतील लिंबागणेश येथें गेलों होतों. भालचंद्र गणपतीमुळें हें गांव दूरवर ठाऊक आहे. पण आम्हांस तेथें नेलें तें एका स्नेह्याच्या पत्रानें. हे गृहस्थ मूळचे तेथील. एका विद्यापीठाच्या विद्यार्थी-विकास विभागांत त्यांची वीस वर्षें नोकरी झाली. युवक महोत्सव भरवावे, 'कमवा व शिका' योजनेचे कागद तपासावे, वर्षअखेर अहवाल लिहावा, असें त्यांचें काम. पत्रांत त्यांनीं विचारिलें होतें कीं, प्राध्यापकाच्या हातून निदान एखादा विषय शिकविला जातो, आमच्या हातून काय होतें? या कामाचा अर्थ सांगणारें मराठींत एखादें पुस्तक असल्यास कळवावें.

वाङ्मयसमीक्षेचा धंदा करणारास असे सरळ प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पुस्तक आम्हांस आठवेना. आणि तें कां आठवूं नये, याचाच विचार येथें करावयाचा आहे.

मराठी वाङ्मयांत विद्यार्थी पुष्कळ बोलला आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' कादंबरींतील (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशांतील खेड्यांतून पुण्यास येतो, वसतिगृहांत राहतो, बापाचा पैसा घालवितो आणि अखेर रित्या हातानें गांवीं परततो. तेथील खोल्या, खानावळ, मित्रांचे अड्डे आमच्या डोळ्यांपुढें अजून उभे आहेत. पण ज्यांच्याकडे या मुलांचें पालकत्व सोपविलेलें असतें, ते अधिकारी कथेच्या कडेलाच राहतात. याबद्दल कादंबरीकारास दोष देतां येत नाहीं. पांडुरंगाच्या वयाच्या मुलास ते जसे दिसतात, तसेच ते तेथें आहेत. प्रा. प्र. ई. सोनकांबळे यांचें 'आठवणींचे पक्षी' (१९७९) हें आत्मकथन मराठवाड्यांतील असल्यानें आम्हांस अधिक जवळचें. उदगीरच्या बाजूच्या एका पोरक्या दलित मुलाची भूक आणि शाळा यांची ही हकीकत आहे. तींत शिक्षणाचा प्रश्न पुस्तकांचा होण्यापूर्वीं भाकरीचा असतो. आमच्या स्नेह्यांस आम्हीं प्रथम हेंच पुस्तक धाडिलें. त्यांच्या कामाचा अर्थ त्यांत कोठेंहि सांगितलेला नाहीं. पण हें काम कोणासाठीं आहे, एवढें त्यावरून कळतें.

दुसरें दालन चरित्रांचें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह काढिलें. मुलांच्या जेवणासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रहि दिलें, ही हकीकत महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. ती खरी आहे व थोर आहे. परंतु ती सांगण्याची आमच्या चरित्रलेखकांची रीत मात्र आम्हांस पटत नाहीं. मंगळसूत्रापाशीं त्यांचा गळा दाटून येतो आणि लेखणी थांबते. दुसऱ्या दिवशीं दाणे कोठून आले, एका पंगतीस बसावयास कोण बिचकला, आजारी मुलाजवळ रात्रीं कोण जागलें, हें विचारण्यास त्यांस सवड नसते. त्यागाचा क्षण एकदांच येतो. वसतिगृह रोज चालवावें लागतें. आमच्या स्नेह्यासारख्या मनुष्यानें असें चरित्र वाचिलें म्हणजे तो नमस्कार करितो आणि पुस्तक मिटून पुन्हा कागदांकडे वळतो.

याउलट एक उदाहरण देतों. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं औरंगाबादेस महाविद्यालय काढिलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून गाजलें. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनीं 'युगयात्रा' हें नाटक लिहिलें आणि विद्यार्थ्यांनीं तें रंगभूमीवर आणिलें. दलित रंगभूमीचा इतिहास सांगतांना या नाटकाचें नांव घ्यावेंच लागतें. त्याच परिसरांत गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'नें लिहित्या पिढीस जागा दिली. म्हणजे ज्याला आपण स्नेहसंमेलन म्हणून हिणवितों, त्यांतूनहि वाङ्मय निपजतें. अट एवढीच कीं, संमेलन भरविणारास मुलांचें तोंड ओळखतां आलें पाहिजे.

आतां आमच्या स्नेह्यांचे अहवाल. ते आम्हीं चिकाटीनें वाचिले, कारण अहवाल हाहि लेखनाचाच प्रकार आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानें 'विद्यार्थी कल्याण' जाऊन 'विद्यार्थी विकास' आलें. शब्द बदलला, भाषा बदलली नाहीं. अमुक महाविद्यालयें, अमुक स्पर्धक, अमुक पारितोषिकें. आणि सर्व कार्यक्रम 'उत्साहांत संपन्न'. विद्यार्थी एकवचनांत कोठेंच नाहीं! हें गद्य वीस वर्षें लिहिणारास आपलें आयुष्य व्यर्थ वाटूं लागलें, तर त्यांत नवल तें काय?

लिंबागणेशास आम्ही पोंचलों तेव्हां पुष्कळ घरांस कुलुपें होतीं. माणसें ऊसतोडीस गेलेलीं. मागें म्हातारे आणि शाळकरी पोरें. ओट्यावर बसून स्नेह्यांनीं बऱ्याच आढेवेढ्यांनंतर एक जुनी वही दाखविली. दिवाळीच्या सुटीनंतर जे विद्यार्थी परत आले नाहींत, त्यांची ती नोंद. "वडिलांनीं मुकादमाची उचल घेतली. आई आजारी, तिच्या जागीं हा कोयत्यावर गेला. दोनदां निरोप धाडला. मार्चांत आला, परीक्षेस बसविला." दुसऱ्या एका नांवापुढें केवळ "आला नाहीं" एवढेंच, आणि पुढच्या वर्षीं त्याच नांवापुढें पुन्हा तेंच.

वरिष्ठांनीं हें मागितलें होतें काय, असें आम्हीं विचारिलें. नाहीं, म्हणाले, लक्षांत राहत नाहीं म्हणून लिहितों. ज्या पुस्तकाची त्यांनीं चौकशी केली होती, त्याचीं पहिलीं पानें आम्हांस त्या वहींत दिसलीं, आणि तसें आम्हीं त्यांस सांगितलेंहि. मुलांचीं नांवें गाळून त्यांतील कांहीं भाग या मासिकास द्यावा, अशी आमची विनंति आहे. नांवें गाळलीं तर मग राहिलें काय, असें त्यांचें म्हणणें पडलें. त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस अद्याप देतां आलेलें नाहीं, आणि वही त्यांच्याच जवळ आहे.