चोर, साव आणि वेष : ‘इनसाइड मॅन’चा रूपबंध

दरोड्याच्या कथेकडे आपल्या समीक्षेने फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. हा करमणुकीचा प्रांत. त्यात सामाजिक आशय आढळलाच तर तो वरून चिकटवलेला असणार, अशी एक समजूत रूढ आहे. स्पाइक ली या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘इनसाइड मॅन’ (२००६) हा चित्रपट या समजुतीला छेद देतो. रसेल गेविर्ट्झ यांच्या या पटकथेत दरोड्याची युक्ती आणि समाजावरील भाष्य एकजीव झाले आहे.

न्यूयॉर्कमधील वॉल स्ट्रीटच्या परिसरात एका बँकेत रंगाऱ्यांच्या वेषात काही माणसे शिरतात. ओलीस धरलेल्या सर्वांना ती आपल्यासारखाच पोशाख आणि मुखवटा चढवायला लावतात, मधूनमधून स्वतःही ओलिसांत जाऊन बसतात. शेवटी सारे एकाच वेळी बाहेर धावतात, तेव्हा चोर कोण आणि साव कोण हे पोलिसांना सांगता येत नाही. येथे लींनी एक रचनात्मक निर्णय घेतला आहे. दरोडा चालू असतानाच त्यांनी नंतरच्या चौकशीचे प्रसंग मध्ये पेरले आहेत. समोरच्या माणसाचा चेहरा, त्याचा वर्ण, बोलण्याची ढब यांवरून आपणही तर्क करू लागतो. प्रेक्षक नकळत तपास अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसतो, आणि संशय घेण्याची आपली रीत त्याला स्वतःलाच दिसू लागते.

ही रीत काय करू शकते, याचा प्रत्यय विक्रम वालिया या शीख बँक कर्मचाऱ्याच्या प्रसंगात येतो. दरोडेखोरांचा निरोप घेऊन तो बाहेर येतो, तर पोलीस त्याला अरब समजून खाली पाडतात आणि त्याची पगडी हिसकावतात. पगडी परत मिळाल्याशिवाय बोलणार नाही, असे तो बजावतो. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेत दाढी आणि पगडी यांना चिकटलेला अर्थ या छोट्या प्रसंगात एकवटला आहे. तपास अधिकारी फ्रेझियर (डेन्झेल वॉशिंग्टन) हा स्वतः कृष्णवर्णीय; पण तोही वालियाच्या तक्रारीवर विनोद करतो. अपमान सोसलेल्यालाही दुसऱ्याच्या अपमानाची धग जाणवेलच असे नाही, हे लींनी भाष्याचा एक शब्दही न वापरता दाखवले आहे.

खरा गुन्हेगार मात्र या रांगेत उभाच नसतो. बँकेचा संस्थापक आर्थर केस (ख्रिस्तोफर प्लमर) याची प्रतिष्ठा दुसऱ्या महायुद्धात नाझींशी संगनमत करून मिळवलेल्या पैशावर उभी आहे. त्याचे पुरावे तिजोरीच्या ३९२ क्रमांकाच्या कप्प्यात आहेत, आणि बँकेच्या नोंदीत त्या कप्प्याचा उल्लेखही नाही. दरोडेखोर रोकड नेत नाहीत. ते या कप्प्यासाठीच आलेले असतात. ज्याच्यावर संशय घेण्याचे कोणालाही सुचत नाही अशा माणसापर्यंत कथानक आपल्याला याच वाटेने आणते.

संस्कृत नाटकाच्या वाचकाला येथे शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आठवावे. शर्विलक शास्त्रशुद्ध रीतीने चारुदत्ताची भिंत फोडतो, यज्ञोपवीताने सांधीचे माप घेतो, आणि हे सारे मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी करतो. वसंतसेनेचा गळा आवळणारा शकार मात्र राजाचा शालक म्हणून निर्धास्त न्यायसभेत जातो आणि आपला गुन्हा चारुदत्तावर लादतो. घरफोड्या आणि राजाश्रयी गुन्हेगार यांना समोरासमोर ठेवून व्यवस्था उघडी पाडण्याची ही रीत भारतीय वाङ्मयाला परकी नाही.

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. केसने आपल्या नाशाचे पुरावे इतकी वर्षे का जपले, याचे पटेल असे कारण मिळत नाही. परंतु नैतिक सुलभीकरण टाळण्याचे भान मोलाचे आहे. दरोड्याचा सूत्रधार रसेल (क्लाइव्ह ओवेन) केसचे पाप उघड करतो, पण हिरे स्वतः नेतो. केसच्या वतीने वावरणारी मॅडलिन व्हाइट (जोडी फॉस्टर) फ्रेझियरला बढतीचे आमिष दाखवते, आणि पुढे ती बढती त्याला मिळते. म्हणजे न्यायाचा आग्रह धरणाराही सत्तेच्या देवघेवीपासून पूर्णपणे अलिप्त राहत नाही.

अभ्यासकांनी हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना चौकशीच्या प्रसंगांकडे विशेष लक्ष द्यावे. उत्तर ठाऊक असूनही तेथील प्रत्येक चेहऱ्याविषयी पहिल्या वेळी आपण काय ठरवले होते, हे तपासून पाहावे. कथेतील रहस्य एकदा उलगडले की संपते. ही तपासणी मात्र तेव्हाच सुरू होते.