जे घडलंच नाही, त्याचा जल्लोष

बेसबॉलमधला 'नो-हिटर' हा अजब पराक्रम आहे. नऊ इनिंगमध्ये समोरच्या टीमला सत्तावीस वेळा बाद करायचं आणि एकही हिट मारू द्यायची नाही. 'परफेक्ट गेम' त्याच्याही पुढचा: कुणी पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचता कामा नये. म्हणजे लोक जल्लोष करतात तो न घडलेल्या गोष्टींचा. आता रेडिओवर हे सांगायचं कसं?

९ सप्टेंबर १९६५च्या रात्री लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये सँडी कोफॅक्सने शिकागो कब्जविरुद्ध परफेक्ट गेम टाकला. माइकवर होता विन स्कली. त्याचं नवव्या इनिंगचं वर्णन ध्वनिमुद्रित झालं, पुढे छापलंही गेलं. ते कॉमेंट्री म्हणून नाही, तर गद्य म्हणून ऐकावं असं मला वाटतं.

पहिली गोष्ट, तो वेळ सांगत राहतो. ९ वाजून ४१, मग ४४, शेवटी ४६. कोफॅक्सला आठवण म्हणून रेकॉर्डिंग देता यावं, हा त्यामागचा साधा हेतू. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीला वेळेचा शिक्का मारतो, पण तो वाचून कुणाच्या छातीत धडधडत नाही. इथे धडधडतं, कारण दोन वेळांच्या मध्ये माणसं आहेत. पिचर टोपी उचलून केसांतून बोटं फिरवतो. बॅटर मागे सरकून सुस्कारा टाकतो. काहीच घडत नसताना दिसतं ते हे. स्कली तेवढंच सांगतो आणि ताण आपोआप वाढत जातो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एक चेंडू बाहेर जातो. कॅचर टॉरबॉर्ग तो हळूच आत ओढून स्ट्राइक मिळवायला बघतो, अंपायर व्हार्गो फसत नाही आणि प्रेक्षक हुर्यो उडवतात. होम टीमचा कॉमेंटेटर इथे सहज अंपायरवर घसरला असता. स्कली म्हणतो की लोक आता चेंडू डोळ्यांनी नाही, मनाने बघायला लागलेत. आणि लगेच सांगून टाकतो की चेंडू बाहेरच होता. चाहत्यांची बाजू समजून घेतली, पण त्यांच्यासाठी खोटं बोलला नाही. त्या काळात स्टेडियममध्ये बसलेले लोकही ट्रान्झिस्टर कानाला लावून त्यालाच ऐकायचे, हे लक्षात घेतलं तर या वाक्याची हिंमत कळते. आपल्याला सवय आहे ती आपल्या टीमचा प्रत्येक अपील 'आउटच होता' म्हणणाऱ्या आवाजांची. चाहत्यांवर प्रेम करायचं म्हणजे त्यांच्या सुरात ओरडायचं, असं आपण धरूनच चाललोय.

शेवटचा बॅटर हार्वी क्यून स्ट्राइकआउट होतो आणि स्कली गप्प बसतो. सुमारे ३८ सेकंद फक्त २९,१३९ लोकांचा आवाज. हा जल्लोष त्यांचा आहे, त्यात आपलं वाक्य घुसवायचं नाही, हे ओळखणं हीच या वर्णनातली सर्वात सुंदर ओळ. मग तो परत येतो, वेळ सांगतो, कोफॅक्सचा हा चौथा नो-हिटर असल्याची नोंद करतो.

या वर्णनाची एक मर्यादाही आहे. त्या रात्री कब्जचा पिचर बॉब हेन्डली यानेही फक्त एक हिट दिली होती. डॉजर्सची एकमेव धाव हिटशिवाय झाली: लू जॉन्सनला वॉक, मग बंटवर दुसरा बेस, तिसरा चोरलेला, आणि कॅचर क्रूगचा थ्रो भरकटला. सामना १-०. नवव्या इनिंगचा पहिला बॅटर हाच क्रूग, आणि शेवटचा क्यून आला तो हेन्डलीच्या जागी. नाट्य समोर तयार होतं. पण या इनिंगमध्ये हेन्डली येतो तो एवढ्याच कामापुरता, बदली खेळाडू ज्याच्यासाठी आला तो माणूस म्हणून. अंपायरला न्याय देणाऱ्या स्कलीकडून मला एखादं वाक्य जास्त हवं होतं. जल्लोष जिंकणाऱ्याचाच असतो, पण सांगणाऱ्याने दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाकडेही बघावं.

पाच दिवसांनी शिकागोत हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. हेन्डली २-१ने जिंकला. त्या सामन्याची क्लिप मला अजून कुणी फॉरवर्ड केलेली नाही.