‘बटव्या’तील वनौषधी आणि गर्भिणी : मराठी आरोग्यलेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी संपादन करताना प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा प्रबंधविषय निवडला. पारंपरिक गर्भिणी-परिचर्या डोळे मिटून स्वीकारण्याची वा हेटाळण्याची गोष्ट नसून अभ्यासाचा विषय आहे, असे या निवडीतून सूचित होते. पुढील काळातील लोकप्रिय मराठी आरोग्यलेखनात मात्र ही अभ्यासदृष्टी क्षीण झालेली दिसते. ‘आजीबाईचा बटवा’ या संकल्पनेभोवती रूढ झालेल्या लेखनप्रकाराची या दृष्टीने चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संदर्भाचा लोप

या लेखनाचे गृहीतक एकच असते : जे वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी. हे गृहीतक परंपरेलाही मान्य नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे जपावे, असा दृष्टान्त येतो. तेथील मासानुमासिक परिचर्येत दूध, लोणी, तूप यांनाच प्राधान्य आहे. तीक्ष्ण औषधे वर्ज्य मानली आहेत. मराठी घरांतही अळिवाचे लाडू बाळंतिणीसाठी असतात. गरोदरपणात अळीव टाळण्याचा प्रघात आहे. लेखात मात्र ‘स्त्रियांसाठी उपयुक्त’ या एकाच सदरात गर्भिणी आणि बाळंतीण यांतील सीमारेषा पुसली जाते. कोणता महिना, किती मात्रा आणि कोणी घेऊ नये, हे तीन प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात.

परंपरेची मर्यादा

अर्थात, संहितेकडे परत जाणे एवढाच यावरील उपाय नव्हे. सुश्रुताच्या मासानुमासिक योगांत ज्येष्ठमधाचा समावेश आहे. याउलट, २००१ व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासांत ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनचे अधिक सेवन आणि मुदतपूर्व प्रसूती यांचा संबंध आढळला. तेथे ज्येष्ठमध मिठाईच्या रूपाने नित्य खाल्ले जात होते. म्हणून हा निष्कर्ष वैद्याने दिलेल्या अल्प मात्रेस जसाच्या तसा लागू करता येणार नाही. परंतु केवळ प्राचीनत्व हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही, एवढे त्यातून निश्चित होते. उलट, मळमळीवरील आल्याचा उपयोग आधुनिक चाचण्यांतही बऱ्याच अंशी टिकला आहे. म्हणजेच निर्णय प्रत्येक वनस्पतीचा स्वतंत्रपणे करावा लागतो.

दुसरा प्रश्न बाजारातील उत्पादनांचा आहे. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्या औषधांमुळे सहा गर्भवतींना शिशाची विषबाधा झाल्याचे नोंदविले गेले. त्यांपैकी पाच भारतात जन्मलेल्या होत्या. शिसे वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. भारतातील औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘ई-१’ मध्ये आयुर्वेदादी पद्धतींतील विषारी द्रव्यांची यादीच दिलेली आहे. कायदा जी सावधगिरी गृहीत धरतो, ती लोकप्रिय लेखन धरत नाही, ही विसंगती लक्षणीय आहे.

वाचक कोण?

बोरीवलीसारख्या उपनगरात प्रसूतिगृहातील तपासणी आणि घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला एकाच वेळी चालू असतात. ‘हे काही औषध नव्हे, घरचेच आहे’ या समजुतीमुळे काढ्याचा उल्लेख डॉक्टरांपुढे होतच नाही. या मौनाला मुद्रित लेख अधिकृततेचे वलय देतो. सासूबाईंच्या आग्रहाला नकार देऊ न शकणाऱ्या सुनेच्या हाती त्याने एखादा प्रश्न द्यावयास हवा होता. तो आग्रहालाच आधार पुरवितो.

समारोप

आजीच्या बटव्याबरोबर प्रत्यक्ष आजीही होती. ती नातीची प्रकृती ओळखत होती आणि प्रसंगी ‘हे आत्ता नको’ असे म्हणत होती. मुद्रित लेखनाने बटवा घेतला. ते ‘नको’ मात्र गाळले. मराठी आरोग्यलेखनाचे मूल्यमापन करताना भाषेच्या सुबोधतेइतकेच या गाळलेल्या निषेधाकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. मराठी, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे करावे असे हे काम आहे.