शुभमंगल सावधान, पुढे चालू

कादंबरीकाराला लग्नाइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. नायक-नायिकेला तीनशे पाने ताटकळत ठेवावे, शेवटच्या पानावर अक्षता टाकाव्यात, की लेखक पानसुपारीला मोकळा! बायकांनी लेखणी हाती घेतली आणि ही सोय गेली. त्यांनी विचारले, अक्षता झाल्या, पुढे काय?

१९३३ साली विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' आले आणि मराठी मुलखात जगबुडी झाल्यासारखा गदारोळ उठला. (आम्ही खेडकर जगबुडीच्या काठचेच. पाणी चढते तसे ओसरते, हे आम्हांला ठाऊक.) ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. ती निघाली बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. हिंगण्याला अण्णा कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली. आणि अण्णांचा जन्म १८५८ सालचा, आमच्याच तालुक्यातल्या शेरवलीचा. म्हणजे थोडे खापर आमच्याही डोक्यावर!

विभावरींच्या मुली शिकतात, पगार आणतात; आणि पगार घरात येतोय म्हटल्यावर वडिलांना लग्नाची घाई राहत नाही. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे एका कथेचे नावच सगळे सांगून जाते. 'हिंदोळ्यावर'मधली अचला तर लग्नाबाहेर प्रेम करते, आई व्हायचे ठरवते. हे १९३४ साली!

पुढे अण्णांची नात गौरी देशपांडे लिहू लागली. 'एकेक पान गळावया' १९८० चे. 'तेरुओ'मध्ये तर विवाहित मराठी बाई जपानी तरुणात गुंतते. नवरे बहुधा समंजस. माझी तक्रार एवढीच, की या नायिकांना घरभाड्याची आणि रॉकेलची चिंता फारशी दिसत नाही. विभावरींच्या नायिकेला प्रेमाआधी महिनाअखेर आठवते. तिचे दुःख म्हणूनच मला अधिक जवळचे वाटते.

आमच्या वाचनालयात एक काका 'तेरुओ' परत करताना म्हणाले, "एवढा देवमाणूस मिळूनही हिला हवंय तरी काय हो?"

मी म्हटले, "काका, देवमाणसानं दिलेली मोकळीक झाली तरी ती दिलेलीच. देणारा उद्या परत मागू शकतो. हिला ती आपली म्हणून हवी आहे."

काकांनी मान हलवली. शेजारच्या काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुस्तक उचलले आणि ग्रंथपालांना म्हणाल्या, "हे माझ्या नावावर मांडा."